पहिल्या दिवशी नुसते दात मोजून या

पत्र:

डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. घरात चार लेकरं आहेत. माझी मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दीर-जाऊ पुण्याला कंपनीत कामाला गेले, त्यांचा पाच वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी आमच्याचकडे असतात. शाळेत आणि अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं होतं, त्यांनी तिघांच्या चिठ्ठीवर दातांच्या डॉक्टरला दाखवा म्हणून लिहून दिलं. मी चौघांनाही घेऊन तालुक्याला गेले. पुतण्याला आधी खुर्चीवर बसवलं, तो ओरडला. तो ओरडला तसा माझा मुलगा बाकड्याखाली घुसला, लहानी रडायला लागली आणि थोरलीनंही तोंड उघडलं नाही. डॉक्टर म्हणाले, एकेकाला आणा. एका फेरीत माझी एक रोजी बुडते, चार फेऱ्या कशा करू? सासूबाई म्हणतात, "दुधाचेच दात हायेत, पडूनच जातीन, त्याले कायले पैसे लावता?" पुतण्याची दाढ दोन महिन्यांआधी फार दुखली, रात्रभर रडला. आता दुखत नाही. थोरलीच्या मागच्या दाढेत काळा खड्डा आहे, तीही दुधाचीच असेल ना? तिच्या पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत, घासून जात नाहीत. मुलाचे खालचे नवे दात जुन्या दातांच्या मागून निघाले. लहानी दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपते. चौघांना एकाच दिवशी नेऊन मोकळं होता येईल का?

उत्तर:

ताई, चौघांना एकाच दिवशी नेता येईल. चौघांचं काम मात्र एकाच दिवशी होणार नाही, आणि ते करायचा हट्टही धरू नका. मागच्या वेळी बिनसलं ते इथंच. ज्याची दाढ सगळ्यात बिघडलेली, ज्याच्या मनात दुखण्याची आठवण ताजी, तोच पोरगा सगळ्यांच्या आधी खुर्चीवर बसला. बाकी तिघांनी त्याचं ओरडणं ऐकलं आणि दवाखाना म्हणजे काय हे त्यांना तेवढ्यावरून कळलं. यात तुमची चूक नाही, नंबर लागला तसं तुम्ही बसवलंत. पण पुढची फेरी वेगळी करता येईल.

माझं म्हणणं असं: पहिली फेरी फक्त बघण्याची. चौघांनी जायचं, चौघांनी तोंड उघडायचं, डॉक्टरांनी दात मोजायचे, काय काय करायचं ते कागदावर लिहून द्यायचं आणि घरी यायचं. त्या दिवशी सुई नाही, मशीन नाही, दात काढणं नाही. डॉक्टरांना दारातच तसं सांगा, "आज फक्त तपासून द्या, कोणाचं किती काम आहे ते लिहून द्या." गर्दीच्या दिवशीही एका लेकराला पाच-सात मिनिटांच्या वर लागत नाही. मग तो कागद हातात आला की पुढच्या फेऱ्या किती आणि कोणाच्या, ते ठरतं. बहुतेक तुम्हाला वाटतं तेवढ्या त्या नसतील. तुमच्या पत्रावरून मला चारपैकी दोघांचंच खरं काम दिसतं, आणि एकाचं काही नसण्याची शक्यता जास्त आहे.

आता पुतण्याविषयी, कारण पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ त्याची आहे: "आता दुखत नाही." ताई, दाढ रात्रभर ठणकली आणि मग आपोआप थांबली, याचा अर्थ बरेचदा असा असतो की आतली नस मेली. मेलेली नस दुखत नाही, पण ती सडते, आणि तो पू मुळाच्या टोकाशी साचतो. आज संध्याकाळी त्याला उजेडात बसवा, बोटानं गाल बाजूला करा आणि त्या दाढेच्या मुळाशी हिरडीवर बघा. तांदळाच्या दाण्याएवढी पुळी दिसते का? कधी पांढुरकी, कधी लाल, दाबली की खारट पाणी येतं असं लेकरू सांगतं. ती पुळी म्हणजे पू बाहेर पडायची वाट. वाट मोकळी आहे तोवर दुखत नाही. ती बंद झाली की गाल सुजतो.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. दुधाचे दात पडतात. पण समोरचे पडतात सहा ते आठव्या वर्षी, दाढा पडतात नऊ ते बाराव्या वर्षी. पुतण्या पाच वर्षांचा. ज्या दाढेवर त्याला अजून पाच-सहा वर्षं भाकर चावायची आहे, ती आज गेली तर तो एका बाजूनं चावेल किंवा चावायचं टाळेल. शिवाय त्या दाढेखाली हाडात पक्की दाढ तयार होत असते, आणि वरचा पू तिच्यापर्यंत पोचला तर ती डागाळलेली, खडबडीत निघू शकते. आणखी एक गोष्ट: मधली दाढ लवकर गेली की मागची पुढे सरकते, जागा बुजते, मग पक्क्या दाताला निघायला वाटच राहत नाही आणि तो आडवातिडवा येतो. म्हणून डॉक्टर आधी ती दाढ वाचवायला बघतील. आतली सडलेली नस साफ करून औषध भरतात, वर स्टीलची टोपी बसवतात. नाहीच वाचली तर काढतील, आणि तेव्हा तुम्ही आपणहून विचारा, "इथली जागा धरून ठेवायला तार बसवावी लागेल का?" हा प्रश्न आईबापांनी विचारला नाही तर कधी कधी तो राहूनच जातो.

आणि हे लक्षात ठेवा: त्याचा गाल सुजला, सूज डोळ्याकडे चढली किंवा जबड्याखाली उतरली, ताप आला, तोंड उघडेना, घोट गिळता येईना, तर पुढच्या फेरीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, १०८ ला फोन करून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या. मेडिकलमधून मोठ्या माणसाची गोळी आणून अर्धी करून देऊ नका. लेकराची मात्रा वजनावर ठरते. जंतू मारायच्या गोळ्यांनी सूज उतरते खरी, पण दाढ आत तशीच राहते आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

थोरलीची दाढ दुधाची नाही, ताई. निदान मला तरी तसं वाटत नाही, आणि तुम्ही घरबसल्या बघू शकता. तिला तोंड उघडायला लावा. खालच्या पुढच्या दोन दातांच्या मधल्या फटीपासून एका बाजूला मोजत जा: एक, दोन, तीन, चार, पाच. सहावा जो येतो, ती पक्की दाढ. काळा खड्डा त्या सहाव्यात असेल तर ती दाढ तिला आयुष्यभर पुरवायची आहे. या दाढेचा घोटाळा घरोघरी होतो. ती सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागं गुपचूप निघते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून नवा दात आला हे कोणाच्या लक्षातच येत नाही. वर तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, त्यांत अन्न अडकतं आणि पहिली कीड तिलाच लागते. माझ्याकडे बारा-तेरा वर्षांची पोरं येतात आणि आई म्हणते, "दुधाची दाढ किडली, काढून टाका." बघावं तर ती पक्की असते आणि पार मुळापर्यंत गेलेली. तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण तीन वर्षांआधी ती एका बैठकीत भरता आली असती. थोरलीचा खड्डा लहान असेल तर सिमेंट भरून काम होईल. तुमच्या मुलालाही आता ही दाढ निघत असेल. त्याच्या खाचा किड लागण्याआधीच बुजवून टाकता येतात, त्याला सुई लागत नाही की मशीन लागत नाही. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना तेही विचारा.

मुलाचे खालचे दात मागून निघाले, ही दोन ओळींची भीती पुष्कळ आयांना असते. जुने दात हलत असतील तर काही करू नका. जीभ नव्या दातांना हळूहळू पुढे ढकलते, जुने पडतात. जुने अजिबात हलत नसतील तर डॉक्टर बघतील आणि ठरवतील. म्हणजे त्याचं काम बहुतेक शून्य, आणि बाकड्याखाली घुसणाराही तोच. हे आपल्या फायद्याचं आहे. कसं ते पुढे सांगते.

लहानीची बाटली. झोपेत तोंडातली लाळ कमी होते, त्यामुळे बाटलीतलं दूध वरच्या पुढच्या दातांवर रात्रभर साचून राहतं. खालचे दात जिभेखाली झाकलेले म्हणून वाचतात. तिचा वरचा ओठ उचलून बघा, हिरडीला लागून पांढरी खडूसारखी रेघ दिसली तर ती सुरुवात आहे. तपकिरी झाली असेल तर कीड पुढे गेली. बाटली एकदम तोडली तर ती तीन रात्री घर डोक्यावर घेईल आणि चौथ्या रात्री तुम्हीच हार मानाल. म्हणून आधी दुधातली साखर बंद करा. मग चार-चार दिवसांनी थोडं थोडं पाणी वाढवत न्या, शेवटी नुसतं पाणी राहील. नुसत्या पाण्यासाठी कोणतंही लेकरू फार दिवस हट्ट करत नाही. तिच्या दातांना डॉक्टर कदाचित सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध लावतील. ते कीड थांबवतं, मशीन लागत नाही, पण किडलेली जागा कायमची काळी होते. काळा डाग बघून घाबरू नका. ते दात सात-आठव्या वर्षी पडणार आहेत, तोवर ते दुखले नाहीत म्हणजे झालं.

थोरलीच्या पट्ट्यांचं कारण वेगळं असावं. आपल्या यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत कित्येक गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा झराच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर गेलं की हाडात दात तयार होत असतानाच त्यावर पांढरे, पिवळे, तपकिरी पट्टे उमटतात. ती कीड नाही आणि ती घासूनही जात नाही. राखेनं, कोळशानं, विटेच्या भुकटीनं तर मुळीच घासू नका, वरचं कवच झिजतं. पट्टे तिला पुढे शाळा-कॉलेजात खटकले तर त्यावर उपाय आहेत, आज घाई नाही. घाई आहे ती पाण्याची, कारण पुढचे पक्के दात साधारण आठ वर्षांपर्यंत घडत असतात आणि तुमच्या घरात तिघं त्या वयाच्या आत आहेत. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोअरचं पाणी तपासायला लावा आणि आकडा किती आला तो कागदावर मागा. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. गावात दुसरी विहीर असेल, नळयोजनेचं पाणी येत असेल, तर निदान लेकरांचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी तिथून भरा.

आता जायच्या दिवसाचं. पोळा झाला, सोयाबीन निघायला आणि कापसाची वेचणी लागायला अजून वेळ आहे, तेवढ्यातच पहिली फेरी उरका. एकदा वेचणी लागली की तुम्हाला दिवाळीपर्यंत मान वर करायला फुरसत मिळणार नाही, हे मी दरवर्षी बघते. त्या दिवसांत दवाखान्यात लेकरं येतात ती फक्त गाल सुजलेली. तालुक्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, बस सोयीची असली तरी त्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. सकाळची वेळ धरा. लहान लेकरं दुपारी पेंगुळतात, आणि पेंगुळलेलं लेकरू कोणाचंच ऐकत नाही. निघण्याआधी पोटभर खाऊ घाला, दात घासून न्या, आणि कोणाला सर्दी-ताप असेल तर फेरी सरळ पुढे ढकला.

एकट्या जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. दोन लेकरांमागं एक मोठं माणूस हवं. लेकरांच्या बापाला एक दिवस वावरातून सोडवा, नाहीतर शेजारची कॉलेजात जाणारी पोरगी घ्या, आशाताई येत असतील तर फारच चांगलं. एक माणूस आत खुर्चीजवळ आणि एक बाहेर. बाहेर म्हणजे खरोखर बाहेर, कडुनिंबाखाली, चहाच्या टपरीजवळ, जिथं आतला आवाज पोचत नाही तिथं. चिठ्ठी फाडताना कंपाउंडरला सांगून ठेवा, आमच्याआधी दोन नंबर राहिले की हाक मारा. लेकरांनी दोन तास बाकड्यावर बसून दुसऱ्यांचं कण्हणं ऐकायचं काही कारण नाही.

आत जायचा क्रम असा. पहिल्यांदा थोरली. ती समजूतदार आहे आणि आज तिचं फक्त बघायचं आहे. तिच्यासोबत तुमचा मुलगा आत येईल, पण खुर्चीवर बसायला नाही. त्याला दाराशी उभं राहून ताईचे दात मोजायचं काम द्या. डॉक्टर आरसा फिरवतील, तो मोठ्यानं मोजेल. ताई हसत उतरली की बरेचदा तो स्वतःच खुर्चीकडे जातो. नाही गेला तर ओढू नका, पुन्हा पाच मिनिटांनी विचारा. तिसरा पुतण्या. त्याला मागच्या वेळची आठवण आहे, म्हणून डॉक्टरांना तो आत यायच्या आधीच सांगून ठेवा की याला सांगून-दाखवून मग करा. चांगले डॉक्टर हे करतातच: आधी सांगतात, मग हवेचा फवारा त्याच्या नखावर उडवून दाखवतात, मग तोंडात. लहानीला खुर्चीवर बसवायचंच नाही. तुम्ही आणि डॉक्टर समोरासमोर बसा, गुडघे गुडघ्यांना लावून. ती तुमच्याकडे तोंड करून मांडीवर बसेल, तिचे पाय तुमच्या कमरेला, मग तिला हळूच मागं टेकवा म्हणजे डोकं डॉक्टरांच्या मांडीवर येईल. तिला वर तुमचा चेहरा दिसतो. रडेल, रडू द्या. रडणाऱ्या लेकराचं तोंड उघडंच असतं आणि डॉक्टरांचं काम एका मिनिटात होतं.

घरी आधी याची एक तालीम करा, जेवणं झाल्यावर, बाजेवर. थोरली डॉक्टर होईल. लेकरू उताणं झोपेल, डोकं तिच्या मांडीवर. मोबाइलचा उजेड आणि चमच्याचा दांडा. "आ कर. एक, दोन, तीन, अरे इथं तर पोळी अडकली!" मग पाळी बदला, मुलगा डॉक्टर होईल. दोन-तीन रात्री हा खेळ झाला की खुर्ची, उजेड, तोंडात घातलेली वस्तू, यांतलं काहीच त्यांना नवं राहत नाही. माझ्याकडे एक आजी नातवाला असंच तयार करून घेऊन आली होती. तो खुर्चीवर चढला आणि त्यानं मलाच विचारलं, "तुमचा चमचा कुठी हाय?"

शब्द जपून वापरा. "भिऊ नको" म्हटलं की भिण्यासारखं काहीतरी आहे हे लेकराला कळतं. "सुई देत नाही" म्हटलं तर त्याच्या कानात फक्त सुई राहते. आणि घरात कोणी "ऐकलं नाही तर डॉक्टरकडे नेईन, दात उपटून आणेन" असं म्हणत असेल, तर ते आजपासून बंद. इतकंच सांगा: "डॉक्टर तुझे दात मोजतीन, मग आपण घरी." पहिल्या फेरीला ते शब्दशः खरं असणार आहे, म्हणूनच मी ती फेरी फक्त बघण्याची ठेवा म्हणते.

खरं बोलण्याचा आग्रह मी का धरते ते सांगते. दवाखाना सुरू केला त्या पहिल्याच वर्षी सहा वर्षांची एक मुलगी आली होती. मी तिला म्हटलं, "काहीच दुखणार नाही," आणि पुढच्या मिनिटाला सुई दिली. तिनं ओरडाआरडा केला नाही. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढे दोन वर्षं तिनं माझ्यासमोर तोंड उघडलं नाही, आणि तिच्या धाकट्या भावानंही नाही, कारण तिनं त्याला सांगून ठेवलं होतं. ते चुकलं माझंच. तेव्हापासून मी सांगते, "मुंगी चावल्यासारखं होईल, पाचपर्यंत मोज, मग थांबते." लेकरं तेवढं सहन करतात. खोटं पकडलं की मात्र कायमचं लक्षात ठेवतात. पुतण्याच्या दुसऱ्या फेरीला तुम्हीही हेच वाक्य वापरा.

पुतण्या आणि लहानी तुमच्या पोटची नाहीत, म्हणून एक महत्त्वाचं: उपचार करायच्या आधी डॉक्टर आईबापाची परवानगी मागतील. जावेला आणि दिराला आधीच सगळं समजावून सांगा आणि त्या दिवशी फोन जवळ ठेवायला सांगा. संमतीचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून सही घेता येईल का, हेही दवाखान्यात विचारून ठेवा. नाहीतर सगळी तयारी करून तुम्ही पोचाल आणि पुतण्याचं काम एका सहीसाठी अडेल. दोघांना एखादी गोळी सोसत नाही का, लहानपणी झटके आले का, हृदयाचं काही सांगितलं होतं का, तेही जावेला विचारून लिहून घ्या.

कुठं जायचं? शाळेत आलेलं पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं होतं. २०१३ पासून तो सुरू आहे, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची सगळी लेकरं त्यात येतात, आणि दातांची कीड त्यांच्या यादीत आहे. ती चिठ्ठी जपून ठेवा, पुढच्या रुग्णालयात तीच दाखवायची. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर आहेत का, कोणत्या वारी बसतात, हे आशाताईकडून आधी काढून घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत. पहिली फेरी तिथंच होऊ द्या. पुतण्याची दाढ तिथं होण्यासारखी नसेल, तर वर्ध्याजवळ सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात किंवा नागपूरला मेडिकल कॉलेजच्या परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. तिथं शिकणारे डॉक्टर मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण घाई नसते, आणि ओरडणाऱ्या लेकराची तिथं सगळ्यांना सवय असते. खुर्च्या पुष्कळ असतात, त्यामुळे थोरलीची दाढ आणि पुतण्याची दाढ एकाच दिवशी शेजारी शेजारी होऊ शकते. तुमच्या चार फेऱ्यांची धास्ती तिथं थोडी कमी होईल. एसटीत पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांचं अर्धं, आणि मार्च २०२३ पासून बायांचंही अर्धंच. हिशेब करून बघा, खाजगी ऑटोपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

बधिर करून काम झालं की परतीच्या बसमध्ये लेकरावर डोळा ठेवा. ओठ, गाल दोन-तीन तास बधिर राहतात. लेकराला ते गमतीचं वाटतं, ते ओठ चावत बसतं आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजून येतो. मग घरचे म्हणतात डॉक्टरनं सुई चुकवली. बधिरपणा उतरेपर्यंत खायला काही देऊ नका. दात काढला असेल तर कापूस अर्धा तास दाबून धरू द्या आणि पुन्हा पुन्हा थुंकू देऊ नका, थुंकल्यानं रक्त थांबत नाही.

घरचं थोडक्यात. चौघांचे ब्रश चार, वेगवेगळ्या रंगांचे. रात्री झोपायच्या आधीचं घासणं चुकवायचं नाही, सकाळचं एखाद्या दिवशी चुकलं तर चालेल. फ्लोराइडची पेस्ट, लहानीला तांदळाच्या दाण्याएवढी, बाकीच्यांना वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवा. पाण्यात फ्लोराइड जास्त निघालं तरी पेस्ट मनानं बंद करू नका, डॉक्टरांना आकडा दाखवा आणि मग ठरवा. सात-आठ वर्षांपर्यंत लेकराच्या हाताला नीट घासता येत नाही, शेवटचा हात मोठ्यानं फिरवायचा. तान्ह्या पोळ्याला लेकरांनी नंदी घेऊन घरोघरी फिरून खिसे भरून चॉकलेटं आणली, ती खाऊ द्या. वर्षातून एक दिवस खाल्लेल्या गोडानं दात जात नाहीत. दात जातात ते रोज दुकानावरून येणाऱ्या पाच रुपयांच्या पुड्यांनी आणि दिवसातून चारदा चहात बुडवलेल्या बिस्किटांनी. दर वेळी गोड तोंडात गेलं की अर्धा तास तोंडात आम्ल राहतं. एकदाच बसून खाल्लं तर एकदाच, दिवसभर चघळलं तर दिवसभर. पुडीच्या जागी फुटाणे, मुरमुरे, शेंगदाणे द्या, लहानीला मात्र शेंगदाणे-फुटाणे नको, ठसका लागतो.

दाताला कीड म्हणतात, पण त्यात किडा नसतो, ताई. जंतू आणि साखर मिळून आम्ल होतं आणि दात विरघळतो. बाजारात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे काढून दाखवणारे बसतात. ते किडे लेकराच्या दातातले नसतात, आणि धुरीनं तोंड भाजतं. दुखऱ्या दाताला तंबाखू दाबून ठेवणंही तसंच. तंबाखू लेकराच्या अंगात भिनते, चक्कर येते, उलट्या होतात. लवंगेचं तेल हिरडीवर ओतलं तर हिरडी पोळते. दुखलं तर कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा, लेकराच्या वजनाचं पॅरासिटामॉल, आणि दवाखाना.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या काळी दातांचा डॉक्टर यवतमाळला जाऊनही सहज मिळत नसे, आणि दुखलेला दात उपटणं एवढंच त्यांनी पाहिलं. त्यांना थोरलीच्या तोंडात सहावी दाढ मोजून दाखवा. पुतण्याची पुळी दाखवा. मग रात्री चौघांना ओट्यावर ओळीनं बसवून दात घासून घ्यायचं काम त्यांच्याकडेच द्या. आजीपुढं लेकरं जेवढी मुकाट्यानं तोंड उघडतात तेवढी आईपुढं नाही. तुमच्या मुलाचा तो हलणारा दात पडला की घराच्या कवेलूवर, म्हणजे कौलावर, फेकायचा मानही आजीचाच असू द्या.

आज रात्री आधी पुतण्याची हिरडी बघा आणि मग जावेला फोन लावा. पुळी दिसली तर पहिल्या फेरीची तारीख याच आठवड्यातली धरा.